आठ कागद आणि तीन ओव्या

आमच्या कॉलेजच्या माहितीपत्रकातलं ‘उपलब्ध सुविधा’ हे पान मी लिहिलेलं आहे. हे अभिमानाने सांगत नाही आणि कबुलीजबाब म्हणूनही नाही, नुसती नोंद करून ठेवतो. नगरला आर्किटेक्चरचं कॉलेज निघालं तेव्हा मी तिथे भांडारपाल म्हणून लागलो. भांडारात ठेवायला काहीच नसल्यामुळे माझे दोन्ही हात मोकळे होते, आणि मोकळे हात दिसले की त्यात कागद-पेन द्यायचं ही प्राचार्यांची पद्धत होती.

‘सुसज्ज ग्रंथालय’ असं मी लिहिलं. म्हणजे दोन कपाटं. त्यातल्या एकाची किल्ली उद्घाटनाच्या दिवशीच हरवली, त्यामुळे निम्मी पुस्तकं शेवटपर्यंत कोरी करकरीत राहिली. ‘अद्ययावत संगणक कक्ष’ म्हणजे एक संगणक. त्याच्यावर भरतकाम केलेलं झाकण, खोलीत थंड हवा, दाराबाहेर चपला काढायच्या. मुलं पाच-पाचच्या रांगेने आत जात, लांबून बघत आणि बाहेर येत. चालू करायचा अधिकार फक्त प्राचार्यांना होता, आणि तो कसा चालू करतात हे त्यांना माहीत नसावं अशी माझी जुनी शंका आहे. ‘बांधकाम साहित्य संग्रह’ म्हणजे एका फळीवर मांडलेल्या विटा, फरशा आणि लाकडाचे तुकडे. त्यातली सगळ्यात चांगली वीट शिपाई सहादेवने दाराला आडवी लावली होती. दार वाऱ्याने आपटत होतं, संग्रह कुठे पळून जाणार नव्हता, असं त्याचं म्हणणं.

पण पानाच्या शेवटी मी ‘स्वतंत्र मुद्रण विभाग’ असं लिहिलं होतं, आणि तो शब्द मात्र शंभर टक्के खरा होता.

शहाण्णव सालच्या जानेवारीत आमच्याकडे अमोनिया प्रिंटचं मशीन आलं. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा नकाशे काढायचे ते अर्धपारदर्शक ट्रेसिंगच्या कागदावर, शाईने. त्याच्या प्रती काढायला एक पिवळसर लेप लावलेला कागद यायचा. ट्रेसिंग वर, तो कागद खाली, आणि दोन्हीवर कडक उजेड. जिथे उजेड लागला तिथला लेप उडून जायचा, जिथे रेघ होती तिथला राहायचा. मग त्या कागदाला अमोनियाची वाफ दिली की राहिलेला लेप निळा व्हायचा आणि सगळा नकाशा उमटायचा. मशीनच्या पोटात एक मोठी काचेची नळकांडी होती आणि तिच्यात दिवे. वास असा की सर्दी झालेला माणूस आत गेला तर बरा होऊन बाहेर यायचा. त्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असे. घरीही असे. भारती, म्हणजे माझी बायको, म्हणायची की लग्नात सासऱ्यांनी दिलेली अंगठी तुम्ही चार दिवसांत काढून ठेवलीत आणि ही किल्ली अंघोळीलाही सुटत नाही.

मे महिन्यात पहिली तुकडी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला आली. बावीस मुलं, प्रत्येकाचा अखेरचा प्रकल्प, आठ-आठ कागद. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत प्रिंट जमा करायचे, सोमवारी पुण्याहून बाहेरचे परीक्षक येणार. पाचनंतर आलेला कागद घ्यायचा नाही, कागद नाही तर परीक्षा नाही, परीक्षा नाही तर वर्ष गेलं.

त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी पहिला प्रिंट निघायचा होता. एवढी मोठी गोष्ट नारळाशिवाय कशी सुरू करायची? प्राचार्य रजेवर होते, म्हणजे यजमान मीच. सहादेवने मशीनला हार घातला, कुंकू लावलं आणि स्वतःच्या डोक्याने अर्धा तास आधी दिवे लावून ठेवले, ‘मशीन तापल्यालं बरं’ म्हणून. मी नारळ घेऊन उंबऱ्याकडे निघालो तर त्याने मला अडवलं. “भाऊसाहेब, नारळ मशीनच्या नावानं आन् फोडायचा दारात? त्याला काय वाटंल?” आमच्याकडे ऑफिसातल्या कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, आणि भाऊसाहेब म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. मी मशीनच्या लोखंडी पायावर नारळ हाणला. पहिल्या फटक्याला काही झालं नाही. बावीस मुलं बघत होती. दुसऱ्या फटक्याला मी माझा सगळा मान पणाला लावला. नारळ फुटला, पाणी झाकणाच्या फटीतून थेट त्या तापलेल्या काचेवर गेलं, आणि आतून ‘टक्’ असा अगदी लहान आवाज आला.

एवढ्या लहान आवाजाने एवढं मोठं नुकसान होतं हे मला त्या दिवशी कळलं. काच वरपासून खालपर्यंत चिरली होती. मुलांनी प्रसाद मात्र खाल्ला.

प्राचार्य दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, की नवी काच मागवण्यासाठी तीन कोटेशन कुठे आहेत. मी म्हटलं, ही काच एकच कंपनी बनवते. ते म्हणाले, नियम काचेसाठी बदलत नसतात. मग मी कापडबाजाराजवळच्या दोन काचवाल्यांकडे गेलो. एकाने मला माशांची पेटी दाखवली. दुसऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कंदिलाची काच पुढे केली, याहून मोठी गोल काच नगरात मिळणार नाही म्हणाला. ती कोटेशनं मी फाइलला लावली, आजही असतील. कंपनीचं उत्तर आलं की माल तीन महिन्यांनी.

आता खरी चूक सांगतो. नारळाची चूक सहादेवच्या नावावर अर्धी तरी टाकता येईल, ही पुरती माझी आहे. चिरलेल्या काचेसमोर उभा राहून, बावीस मुलांच्या देखत, मी म्हणालो होतो, “कुणी घाबरू नका. प्रिंट इथेच निघतील, हा माझा शब्द.” असं का म्हणालो ते सांगता येत नाही. त्या क्षणी काहीतरी बोलणं भाग होतं आणि तेवढंच सुचलं. मुलं हुशार होती. एकवीस जणांनी माझ्या शब्दाला मान डोलावली आणि बुधवारच्या एसटीने पुणं गाठलं.

राहिली एक. यशोधरा. कर्जतची मुलगी. वडील रखमाजी तिथे सुतारकाम करायचे, आणि पहिल्या वर्षी तिचा ड्रॉइंग बोर्ड त्यांनी स्वतः बनवून एसटीच्या टपावरून आणला होता. एप्रिलमध्ये तिला कावीळ झाली, तीन आठवडे गेले. गुरुवारी ती माझ्या टेबलाशी आली, डोळे अजून पिवळे. तिचे तीन कागद काढायचे बाकी होते आणि ते शनिवारी सकाळपर्यंत पुरे होणार होते. त्यानंतर पुण्याला जाऊन परत येणं शक्य नव्हतं. गावात प्रिंटचं एकच दुकान आणि त्याचा मालक भाच्याच्या लग्नाला आठ दिवस कुलूप लावून गेलेला. रखमाजी तिच्या मागे टोपी हातात धरून उभे होते. ते एवढंच म्हणाले, “तुमी सबूद दिला हाय म्हनं भाऊसाहेब. म्हनून ती थांबली.”

माझ्या शब्दावर विश्वास ठेवून कुणीतरी थांबल्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. घरचे तर कधीच थांबत नसत.

त्या संध्याकाळी केडगावला घरी गेलो आणि शेजारच्या रंगनाथरावांसमोर सगळं बोलून बसलो. रंगनाथराव पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, सल्ला देण्यात मात्र अजून हजेरीपटावर. जगातला कुठलाही प्रश्न त्यांच्याकडे नेला की तो शेवटी पाइपवर येऊन थांबायचा. या वेळी पहिल्यांदाच पाइप बरोबर निघाला. मशीन यायच्या आधी लोक उन्हात प्रिंट काढत, हे मी कॉलेजातल्या एका सरांकडून ऐकलं होतं. काचेखाली ट्रेसिंग आणि कागद दाबायचा, उन्हात धरायचा, मग उभ्या नळीत गुंडाळून सोडायचा आणि नळीच्या तळाशी वाटीत अमोनिया. रंगनाथराव उठले आणि परसातून बोअरचा आठ इंची पाइप गडगडत घेऊन आले. “ह्यो घ्या. मी म्हनलंच हुतं, कधी तरी लागंल.” असं ते गेली नऊ वर्षं त्याच पाइपबद्दल म्हणत होते.

काच आमच्या शोकेसची काढली. मध्यमवर्गीय घरात शोकेसच्या काचेला हात लावणं म्हणजे काय, ते ज्यांच्याकडे शोकेस होतं त्यांनाच कळेल. भारतीने बाहुल्या, ताजमहाल आणि माझं टेबल टेनिसचं मानचिन्ह न बोलता पलंगावर काढून ठेवलं. ते न बोलणं मला पुढे आठ दिवस ऐकू येत होतं. खाली चाचणीपुरता आमचा पाट (शनिवारी यशोधराचा ड्रॉइंग बोर्ड येणार होता), त्यावर घोंगडी, वर कागद, वर काच, चारही बाजूंनी कपड्यांचे चिमटे. शुक्रवारी दुपारी पहिली चाचणी घेतली. ट्रेसिंग कुठून आणणार, म्हणून भारतीच्या क्रोशाच्या रुमालाचा प्रिंट काढला. नळीतून कागद बाहेर आला तेव्हा एकेक टाका निळा उमटलेला. भारतीने कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग म्हणाली, काच परत लावताना पुसून लावा. मी समजलो की माफी मिळाली.

एक अडचण होती. गच्ची आमची आणि रंगनाथरावांची सामाईक, आणि शनिवारी त्यांच्या धाकटीची हळद. मांडव खाली, म्हणून जातं वर आणलेलं. रंगनाथरावांच्या बायको साळूबाई, म्हणजे त्या गच्चीची खरी मालकीण. कागदावर निम्मी गच्ची आमची होती, पण त्यांच्या कुरडयांनी ती कधीच काबीज केलेली. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी लहानपणी मोडून वाकडी बसली होती आणि बोलताना ती वेगळीच काहीतरी सांगतेय असं वाटायचं. त्यांनी एका अटीवर परवानगी दिली. ऊन पाहिजे तेवढं घ्या, पण वासाचा डबा पाहुणे जेवून उठल्याशिवाय उघडायचा नाही, आणि उघडायचा तो एकदाच. म्हणजे आठही कागद आधी उन्हात धरून घ्यायचे, काळ्या शालीत गुंडाळून अंधारात ठेवायचे, आणि तीन वाजता सगळे एकदम नळीत सोडायचे. अट मान्य केली. या अटीने पुढे काय केलं ते येईलच.

शनिवारी साडेदहाला यशोधरा आणि रखमाजी आले. ट्रेसिंगची गुंडाळी रखमाजींच्या छातीशी, तान्हं मूल धरावं तशी. मी पहिल्यांदाच तिचा प्रकल्प नीट पाहिला. बाकीच्यांनी विमानतळ, पंचतारांकित हॉटेलं, क्रीडासंकुलं काढली होती. हिने कर्जतच्या आठवडे बाजारात भाजी विकायला येणाऱ्या बायकांसाठी विसाव्याची जागा काढली होती. पाण्याचा रांजण, पाठ टेकायला भिंत, लेकरू झोपवायला ओटा, आडोसा. नकाशात प्रत्येक ओट्याची उंची लिहिलेली. ती उंची कुठून आणली असं मी विचारलं तर म्हणाली, बाजारात बसून मोजली, डोक्यावरची पाटी न वाकता उतरवता आली पाहिजे.

उन्हात किती वेळ धरायचं हा खरा कळीचा मुद्दा. कमी धरलं तर सगळा कागद निळा, जास्त धरलं तर रेघा गायब. मी घड्याळ लावून बसलो, पण चाचणीच्या वेळी डबा उघडल्यापासून डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं आणि काटे दिसत नव्हते. पलीकडे साळूबाई चार-पाच जणींबरोबर जात्यावर हळद दळत ओव्या म्हणत होत्या. पहिल्या कागदाच्या कडेचा पिवळेपणा उडाला आणि मी तो काढला तेव्हा बरोबर तीन ओव्या झाल्या होत्या. दुसरा मी तीन ओव्यांवरच काढला, तोही तसाच बेताचा. मग मी साळूबाईंना म्हटलं, वैनी, आणखी सहा कागदांच्या अठरा ओव्या व्हायला पाहिजेत, मधे थांबू नका. त्यांना वाटलं भाऊसाहेबांना गाणं आवडलं. सातव्या कागदाच्या वेळी त्यांना खोकला आला आणि तिसरी ओवी अर्धी राहिली, तर यशोधरानेच ती पुढे म्हटली. पाच वर्षं आमच्या कॉलेजात काढलेली मुलगी, तिला ओवी येते हे मला तेव्हा कळलं. साळूबाईंनी जात्यावरून मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि सरकून जागा केली. “ये. हात लाव खुट्याला,” म्हणाल्या.

तीन वाजले. पाहुणे जेवले. माझ्याकडे कागद होते ते तेवढेच आठ, मोजून, बाकीचे मुलांनी पुण्याला नेले होते. मी डब्याचं झाकण सैल केलं, शाल उलगडली, आणि मेच्या उन्हात नगरकडे हमखास येते ती वावटळ गच्चीवर आली.

आठ कागद. एक पाण्याच्या टाकीकडे, एक कुरडयांवर, दोन सरळ आकाशात. मी एकामागे धावलो आणि पाइपला अडखळून पडलो. यशोधरा नुसती उभी राहिली. तेवढ्यात साळूबाई ओरडल्या, “अगं धरा गं पोरीचं!” आणि जात्याभोवतीच्या, हळद लावणाऱ्या, पाटावर बसलेल्या सगळ्या बायका उठल्या. कुणी पदर पसरून, कुणी कठड्यावर ओणवी होऊन. खुद्द नवरी, अर्ध्या अंगाला हळद, एक कागद दोन्ही हातांनी छातीशी दाबून उभी होती. मिनिटभरात आठच्या आठ कागद माझ्या हातात. एक फाटला नाही. मी घाईने सगळे नळीत सोडले, झाकण लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा साळूबाईंना वाकून नमस्कार केला.

वीस मिनिटांनी झाकण काढलं. रेघा जरा फिकट, पण सगळ्या आलेल्या. भिंती, ओटे, रांजण. आणि सगळीकडे हात. लालभडक, पाचही बोटांसकट, बायकांचे हात. नकाशाच्या मधोमध, कोपऱ्यात, नावाच्या चौकटीवर. कागदावरच्या रेघा आधी पिवळसरच होत्या, त्यात हळद कुणालाच दिसली नव्हती.

साळूबाई पुढे आल्या, एका हातावर स्वतःचा हात टेकवून पाहिला. “ह्ये कुंकू झालं की,” म्हणाल्या. “हळदीला चुना लागला की कुंकू हुतं. तुमच्या डब्यात चुन्याचाच कुनी भाऊ हाय भाऊसाहेब.” जी गोष्ट आमच्या ग्रंथालयाच्या दोन्ही कपाटांत नव्हती ती त्यांना बिनशाळेची माहीत होती. यशोधरा भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. रखमाजी म्हणाले, “पोरीचं वरीस…” मला त्या क्षणी स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

साळूबाईंनीच सगळ्यांना हलवलं. “बसून काय हुतंय? हाय तसं घिऊन जावा. घेनारा माणूसच हाय ना?” रंगनाथरावांनी वऱ्हाडाचा टेम्पो काढायला लावला. ड्रायव्हर जेवून कुठेतरी झोपला होता, त्याला शोधण्यात तास गेला. झेंडूच्या माळा लावलेल्या त्या टेम्पोतून आम्ही पाच वाजायला सहा मिनिटं कमी असताना कॉलेजात पोचलो. सहादेवने विटेसकट दार उघडं धरलं.

प्राचार्यांनी एकेक कागद उलगडला आणि त्यांचा चेहरा त्या हातांच्या रंगाचा झाला. मूळ ट्रेसिंग घ्या म्हटलं, तर नियमात प्रिंट लिहिलंय. शेवटी कागद वेळेत होते म्हणून त्यांनी शिक्का मारून घेतले, निर्णय परीक्षकांवर सोडला, आणि मला तिथल्या तिथे नोटीस दिली. ‘आठ मुद्रित पत्रकांवर एकूण तेवीस लाल रंगाचे मानवी हस्तठसे आढळून आले असून त्याबाबत आपला खुलासा सादर करावा.’ तेवीस त्यांनी स्वतः मोजले होते.

रविवार कसा गेला विचारू नका. खाली लग्नाची सनई आणि वर मी खुलासा लिहितोय. नारळापासून सुरुवात केली तर सहा पानं होत होती, वावटळीपासून केली तर खोटं वाटत होतं.

सोमवारी परीक्षक आले. उंच, पांढरे केस, कमी बोलणारे. यशोधराचं नाव आलं. मी नोटीस घेऊन दारात उभा, सहादेव माझ्या मागे, रखमाजी व्हरांड्यात. प्राचार्य आधीच खुलासा करू लागले, की या मुलीच्या कागदांवर दुर्दैवाने लाल डाग पडलेले आहेत, आणि त्यांनी पहिला कागद उलगडला.

लाल काहीच नव्हतं. अमोनिया दोन दिवसांत उडून गेला होता आणि कुंकवाची परत हळद झाली होती. फिकट पिवळे हात, नीट पाहिलं तरच दिसणारे. प्राचार्यांनी दुसरा उलगडला, तिसरा उलगडला. मग माझ्या हातातल्या नोटिशीकडे पाहिलं. सहादेव मागून हळूच म्हणाला, “भाऊसाहेब, आता खुलासा त्यांनीच द्यायचा का?”

परीक्षकांनी चष्मा वर केला. त्यांना हात दिसले होते. “हे तू मुद्दाम केलंस का?” त्यांनी विचारलं. होय म्हणाली असती तरी चाललं असतं. मला वाटलं ती होयच म्हणेल.

“नाही सर,” यशोधरा म्हणाली. “वावटळ आली. कागद उडाले. शेजारी हळद होती, त्या बायांनी हातातलं काम टाकून माझे कागद धरले.” तिने कागद त्यांच्याकडे सरकवला. “मी ज्यांच्यासाठी हे काढलंय त्या अशाच आहेत. दुसऱ्याचं काम दिसलं की यांच्यातली एक पण बसून राहत नाही. म्हणून मी बसायची जागा काढली.”

परीक्षक कागदावर वाकले. मग त्यांनी रांजण भिंतीच्या कुठल्या बाजूला आहे आणि का, असं विचारलं. पुढचा अर्धा तास ते दोघं ओट्याच्या उंचीबद्दल बोलत होते आणि आम्ही बाकीचे तिथे नव्हतोच.

निकाल लागला. यशोधरा पहिल्या वर्गात. ‘कागदांची स्वच्छता’ या सदरात दहापैकी शून्य, तेही परीक्षकांनी स्वतःच्या हाताने, ठळक. रखमाजींनी ती गुणपत्रिका माझ्यापुढे धरली आणि शून्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी म्हटलं, ते माझे गुण आहेत. ते पहिल्यांदा हसले.

माझ्या नोटिशीवर शेवटी मी एका ओळीचा खुलासा दिला, ‘तपासणीअंती लाल डाग आढळून आले नाहीत’, आणि प्राचार्यांनी त्यावर ‘पाहिले’ असं लिहून फाइल बंद केली. नवी काच सप्टेंबरात आली. त्यानंतर त्या खोलीत कुणी नारळ नेला नाही. पेढे चालायचे.

मी निवृत्त झालो तेव्हा कॉलेजात मशीन नव्हतं, अमोनिया नव्हता, प्रत्येक मुलाजवळ स्वतःचा संगणक होता आणि चपला घालून सगळे वापरत होते. शेवटच्या महिन्यात भांडार आवरताना जुन्या तुकड्यांचे कागद रद्दीत काढायचा हुकूम आला. त्यात एक पत्र्याची नळी सापडली. आत आठ कागद. रद्दीची यादी मी केली आणि ते आठ यादीत लिहिले नाहीत. नोकरीत केलेला तेवढा एकच गैरव्यवहार.

यशोधरा निरोप समारंभाला आली होती. आता तिचं नगरात स्वतःचं ऑफिस आहे, घरं बांधते, शाळा बांधते. बाजारातला विसावा मात्र अजून कुणी बांधू दिलेला नाही. ते ती हसत सांगते, पण दरवर्षी अर्ज करते. समारंभानंतर ती घरी आली तेव्हा आम्ही गच्चीवर ते कागद उलगडले. निळ्या रेघा जवळजवळ गेल्या होत्या. पिवळे हात अगदी पुसट, आहेत की भास आहे इतके. रंगनाथरावही काठी टेकत वर आले. ऐंशी ओलांडलेले, आणि साळूबाई जाऊन त्या श्रावणात वर्ष झालं होतं. वर्षभर त्यांनी कुणाला सल्ला दिला नव्हता.

भांडारातून शेवटची अर्धी बाटली मी अमोनियाची आणली होती, कशासाठी ते मलाही माहीत नव्हतं. भारतीने तीच जुनी वाटी आणून दिली. मी वाटीत थोडा ओतला आणि कागद वर धरला.

हात उमटू लागले. आधी गुलाबी, मग लाल. एकामागून एक, जणू आत्ताच कुणी धावत येऊन ठेवलेत. चौथ्या कागदावर रांजणाशेजारी एक उजवा हात आला, आणि त्याची करंगळी वाकडी होती.

रंगनाथरावांनी काठी भिंतीला लावली. पुढे वाकले आणि त्या हातावर आपला हात ठेवला. बरोबर बोटांवर बोटं. मग त्यांनी दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि म्हणाले, “लई उग्र हाय हो भाऊसाहेब तुमचा अमोनिया. डोळ्यातनं पानी काढतोय.”

मी म्हटलं, हो, उग्रच आहे. वाटीवर भारतीने मघाशीच झाकण ठेवलं होतं.